पॅनोरमा एआयमध्ये टाकला की पट्टे, मेणाचे चेहरे आणि गायब डोंगर: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं बघू. ‘एआयने फोटोची वाट लावली’ असा मेसेज आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर सारखा येतो, पण कशी वाट लावली त्यावरच पुढचं सगळं ठरतं. तुमचं यातलं कुठलं आहे ते बघा, एकापेक्षा जास्तही असू शकतात:

- फोटो परत आला तो लहान होऊन, किंवा दोन्ही टोकं कापून, किंवा दाबून चौकोनी केल्यासारखा, त्यात माणसं उंच-काटकुळी
- आभाळात उभे पट्टे, एक फिकट एक गडद
- फोटोचा एक भाग नको इतका शार्प आणि शेजारचा मेणचट
- चेहरे भलत्याच कुणाचे, किंवा एकाच माणसाचा जुळा भाऊ शेजारी उभा
- डोंगराची रेघ बदललेली, पाटीवरची मराठी अक्षरं म्हणजे नुसत्या जिलब्या
- वॉटरकलर मागितलं तर डावीकडे वॉटरकलर आणि उजवीकडे पोस्टर
- ३६० चा (चारी बाजू एकत्र असलेला, फिरवून बघायचा) फोटो गोल फिरतच नाही, किंवा फिरतो पण पाठीमागे उभी चीर दिसते
- फाईल तयार झाली म्हणतो पण उघडल्यावर काळी

यातली बरीचशी दुखणी एकाच ठिकाणाहून येतात, ती म्हणजे पॅनोरमाचा आकार. ही मॉडेलं शिकलीत चौकोनी किंवा जवळपास चौकोनी चित्रांवर. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या एआयची सुरुवातीची मॉडेलं ५१२ बाय ५१२ वर, त्याचंच पुढचं एसडीएक्सएल १०२४ बाय १०२४ पिक्सेलवर. आणि आपण त्यात टाकतो पाचास एक असा लांबलचक पट्टा. मग टूल दोनातलं एक करतं. अख्खा पट्टा बारीक करून गिळतं, नाहीतर त्याचे तुकडे करून एकेक तुकडा वेगळा रंगवतं, आणि एका तुकड्याला शेजारच्यात काय चाललंय याचा पत्ता नसतो, त्यामुळे शेवटी जोडून येते ती गोधडी. हे डोक्यात ठेवलंत तर खालचे चेक आपोआप समजतील. क्रम फुकटातल्यापासून कटकटीच्या कामापर्यंत आहे, मधले गाळू नका.

१. फाईल ओरिजिनल आहे का?

काही खर्च नाही, मिनिटभराचं काम, आणि निम्मे लोक इथेच अडकलेले असतात. फोटोच्या डिटेल्समध्ये जाऊन पिक्सेल बघा. आयफोनमध्ये पॅनोरमा आला २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर, आणि आयफोन ५ तेव्हाच २८ मेगापिक्सेलपर्यंतचा पॅनोरमा काढायचा, म्हणजे रुंदी दहा हजार पिक्सेलच्या पुढे. आता तोच फोटो कुणीतरी व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० वर येते. १०,८०० बाय २,४०० चा फोटो १६०० बाय ३५५ झाला, म्हणजे शंभरातले दोनच पिक्सेल उरले, मागे उभ्या माणसाचा चेहरा आता चार-पाच ठिपके. त्या चार ठिपक्यांतून एआय चेहरा ‘परत आणत’ नाही, ते नवीन चेहरा बनवतं. म्हणून हा चेक पहिला.

ओरिजिनल शोधायची ठिकाणं: ज्याने काढला त्याचा जुना फोन, लॅपटॉपवरचा बॅकअप, मेलची अटॅचमेंट, गूगल फोटोज. गूगल फोटोजवर ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणलेला असतो, तरी तो व्हॉट्सअॅपवाल्यापेक्षा कितीतरी बरा. आणि मागवताना सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव रे’, मग तो दाबला जात नाही. जुन्या फोनची बॅटरी फुगलेली दिसली, मागचं कव्हर वर आलं असेल, तर चार्जिंगला लावू नका, सरळ रिपेअरवाल्याकडे न्या आणि आधी डेटा काढून द्या म्हणा.

२. परत आलेली फाईल मोजा

एन्हान्स करून आलेला फोटो फोनवर मस्तच दिसतो, फोनची स्क्रीन केवढी असते. कॉम्प्युटरवर १०० टक्के झूमला उघडा आणि पिक्सेल बघा. गप्पा मारणारे जे चॅट टूल आहेत ते बहुतेक वेळा ठरलेल्याच मापाचं चित्र देतात, लांब बाजू १५०० च्या आसपास आणि रेशो तीनास दोन वगैरे. तुम्ही ८००० पिक्सेल दिले आणि आले १५३६, म्हणजे ‘एन्हान्स’च्या नावाखाली फोटो पाचपट बारीक झाला, वर टोकंही गेली. यावर प्रॉम्प्टमध्ये (टूलला लिहून देतो त्या सूचनेत) ‘प्लीज रेशो बदलू नकोस’ लिहून फार उपयोग नाही, लोक तेच पुन्हा पुन्हा लिहीत बसतात. अख्खा पॅनोरमा एकदम देणं बंद करायचं, कसं ते पाचव्या चेकमध्ये येतंय.

३. टूल कुठल्या जातीचं आहे?

अपस्केल करणारं वेगळं आणि नव्याने रंगवणारं वेगळं. रिअल-ईएसआरगॅन जातीची टूलं आहे तोच फोटो मोठा आणि स्वच्छ करतात. Upscayl (उच्चार अपस्केलच) नावाचं फुकट सॉफ्टवेअर तेच वापरतं आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, घरच्यांचे फोटो कुठे अपलोड करायला लागत नाहीत हा मोठा फायदा. दुसऱ्या जातीचं टूल फोटो बघून नवीन चित्र काढतं. फक्त साफ करायचं असेल तर पहिली जात, स्टाइल बदलायची असेल तर आधी पहिली आणि मग दुसरी. उलट्या क्रमाने केलं तर आधी खोटं चित्र तयार होतं आणि मग तेच खोटं मोठं होतं.

आणि चारपटीचा मोह नको, दोनपट पुष्कळ. ८००० बाय १६०० चारपट केला की ३२,००० बाय ६,४००, म्हणजे वीस कोटींच्या वर पिक्सेल. काळी फाईल येते ती इथूनच. वेबपी फॉरमॅटला १६,३८३ च्या पुढे जाता येत नाही, फोटोशॉपची साधी पीएसडी ३०,००० ला थांबते, जेपेग ६५,५३५ पर्यंत जातं पण फोनची गॅलरी त्याच्या बरीच आधी दम टाकते. फाईल खराब झालीय म्हणून पुन्हा पुन्हा रन करण्याआधी फॉरमॅट बदलून बघा.

४. पट्टे: मूळ फोटोतले की एआयचे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त उलटसुलट सल्लेही यावरच मिळतात, म्हणून जरा सविस्तर.

पट्ट्यांमधलं अंतर मोजा. अंतर अगदी सारखं असेल, म्हणजे दर ५१२ किंवा १०२४ पिक्सेलला किंवा त्याच्या दुप्पट-चौपटीला पट्टा, तर तो एआयच्या टाइलचा, म्हणजे टूल स्वतः करतं त्या चौकोनी तुकड्यांचा. अंतर कमी-जास्त असेल तर तो मुळातच फोटोत होता. खात्री करायची तर मूळ फोटो उघडून कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत ताणा, फोटो भयानक दिसेल पण आभाळात लपलेले पट्टे असतील तर लगेच वर येतील.

मूळ फोटोत पट्टे का असतात? लेन्सचे कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे काळसर येतात, त्यामुळे फ्रेमला फ्रेम जोडली की प्रत्येक जोडावर गडद पट्टा. शिवाय एक्स्पोजर लॉक न करता काढलेलं असेल तर सूर्याकडे वळताना प्रत्येक फ्रेम वेगळी उजळ. नुसत्या डोळ्यांना हे जेमतेम जाणवतं. पण एआयला तो पट्टा म्हणजे खरीखुरी कड वाटते आणि ते ती आणखी ठसठशीत करून देतं. म्हणून पट्टे आधी काढायचे आणि मग एआय, नंतर नाही.

सुट्या फ्रेम अजून असतील तर नशीबवान आहात. ह्युगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि पॅनोरमा पुन्हा नव्याने जोडा. त्यात फोटोमेट्रिक नावाचं ऑप्शन आहे, ते एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि कोपऱ्यांचा काळेपणा तिन्ही सारखं करतं. नुसतं एवढं केल्यावर कित्येकांना पुढे एआयची गरजच वाटली नाही, आणि मला विचाराल तर तेच बरं. फ्रेम नसतील तर गिम्पमध्ये किंवा ब्राउझरमधल्या फोटोपियात आभाळ सिलेक्ट करून ग्रेडियंटने हळूहळू सारखं करा, कंटाळवाणं आहे पण होतं.

टाइलचे पट्टे असतील तर सेटिंगमध्ये टाइल साइझ वाढवा, ओव्हरलॅपचं ऑप्शन असेल तर तेही वाढवा. ग्राफिक्स कार्डाची मेमरी कमी असली की टूल गुपचूप लहान टाइल घेतं, तेव्हा मित्राच्या चांगल्या मशीनवर एकदा चालवून बघायला हरकत नाही.

एक अपवाद: डीएसएलआरवर पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) लावून काढलेल्या पॅनोरमात निळ्या आभाळात एकच मोठा गडद डाग येतो, सूर्यापासून साधारण ९० अंशावर. तो जोडाचा पट्टा नाही, आभाळाच्या प्रकाशाचाच गुण आहे. एआय मात्र तिथे हमखास पावसाळी ढग चढवतं, डिसेंबरातल्या फोटोत.

५. तुकडे आपल्या हाताने करा

इथून पुढे वेळ लागणार, सुट्टीच्या दिवशी घ्या.

स्टाइल बदलायची असेल तर पहिल्यांदा अख्ख्या पॅनोरमाची छोटी कॉपी करा, १५०० पिक्सेलच्या आसपास, आणि ती रिस्टाइल करून घ्या. टूल रेशो मोडत असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या लावून चौकोनात बसवून द्या आणि नंतर कापा. यात बारकावे नसतील, नसू देत, आपल्याला हवाय फक्त रंगाचा मेळ. मग मूळ फोटोचे १०२४ किंवा १५३६ रुंदीचे तुकडे करा, शेजारच्या तुकड्यांत २५०-३०० पिक्सेल सामायिक राहतील असे, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्या छोट्या कॉपीतला तोच भाग रेफरन्स म्हणून द्या. प्रॉम्प्ट तोच, सीड (टूल ज्या आकड्यापासून चित्र सुरू करतं तो) तोच, डिनॉइझ स्ट्रेंग्थ ०.२ ते ०.३. हा आकडा म्हणजे मूळ चित्रापासून किती भरकटायची परवानगी, ०.५ च्या वर गेलात की प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने जातो. कंट्रोलनेट (मूळ चित्राची रचना धरून ठेवणारी जोड) असेल तर त्यातलं लाइनआर्ट किंवा कॅनी लावा, म्हणजे रेघा जाग्यावर राहतात.

कापताना चेहऱ्यातून किंवा झेंड्याच्या काठीतून कापू नका. आणि प्रत्येक तुकड्याच्या फाईलच्या नावात तो डावीकडून कितव्या पिक्सेलला सुरू होतो ते लिहा, ००००, १२५०, २५०० असं. जोडताना ह्युगिनला देऊ नका, रंगवलेल्या तुकड्यांत त्याला सारखे बिंदू सापडत नाहीत आणि ते भलतंच वळवतं. नावातल्या आकड्यावर लेयर ठेवा आणि सामायिक भागात मऊ मास्क लावा, म्हणजे वरच्या तुकड्याची कड हळूहळू विरत जाईल, झालं.

६. जुळी माणसं, तुटलेले रेलिंग

फोन फिरवत असताना कुणी चालत गेलं की तो दोनदा येतो, किंवा अर्धाच येतो. मूळ फोटोत ते भुतासारखं धूसर असतं म्हणून खपून जातं, एआय मात्र त्या भुताला हातपाय आणि नवीन शर्ट देऊन पक्का माणूस करतं. रेलिंगचंही तसंच, जवळच्या वस्तू जोडात सरकतात आणि एआय त्या सरकलेल्या जागी खांब उभा करतं. दोन्ही गोष्टी एआयच्या आधी क्लोन टूलने साफ करा. अर्ध्या तासाचं काम आहे, नंतर करायला गेलात तर दुप्पट.

७. चेहरे

माझा सरळ नियम असा: चेहरा ३०-४० पिक्सेलपेक्षा लहान असेल तर फेस रिस्टोअर (चेहरे सुधारायचं सेटिंग) बंद. जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मरसारखी टूलं फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर शिकलीत, मोठे, जवळून घेतलेले, समोर बघणारे चेहरे. तुमच्या पॅनोरमात आजी चौथ्या रांगेत बसलीय, डोक्यावर पदर, उन्हाने डोळे बारीक केलेले. टूल काय करतं? कुंकू डाग समजून पुसतं, नथ वरच्या ओठावर वितळवून टाकतं, आणि कपाळ एकदम विशीतलं. दुरून बघितलं तर ‘वा, काय क्लिअर झालाय’, आणि घरचा माणूस जवळ घेऊन बघतो तेव्हा म्हणतो, ही कोण?

चेहरा मोठा असेल तर चालू करा पण ताकद अर्ध्यावर ठेवा आणि मूळ चेहऱ्याचा लेयर वर घेऊन ४०-५० टक्के मिसळा. थोडा धूसर पण आपला माणूस कधीही चांगला.

८. डोंगराची रेघ आणि पाट्या

हे ट्रेकवाल्यांसाठी, पण गावच्या जत्रेच्या किंवा शहराच्या जुन्या पॅनोरमालाही लागू. कळसूबाईवरून काढलेल्या एका पॅनोरमात मदन आणि कुलंगमधली खिंड एआयने चक्क भरून टाकली होती, आणि रायगडावरच्या एकात लिंगाण्याच्या सुळक्याला टोकाशी देवळाचा कळस. रतनगडाचं नेढं, म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक, तर हटकून बुजतं, कारण लांबून ते डोंगरात आठ-दहा पिक्सेलचा पांढरा ठिपका असतं आणि टूलच्या लेखी पांढरा ठिपका म्हणजे धूळ.

तपासायचं असं: मूळ फोटो आणि नवीन फोटो एकावर एक ठेवा, वरचा लेयर डिफरन्स मोडवर टाका. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसतं, जिथे बदललं तिथे उजळ. कड्याच्या रेघेवर उजळ फटकारे दिसले की तिथे मास्क लावून मूळ रेघ परत आणा. पाट्यांचंही तेच, देवनागरी अक्षरं टूलकडून दुरुस्त करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, मूळ पाटी कापून वर चिकटवा.

९. ३६० चे फोटो

फोटो दोनास एक नसेल तर व्ह्यूअर गोंधळतो, आधी तेच बघा. नंतर, अशा फोटोत डावी आणि उजवी कड प्रत्यक्षात एकमेकींना चिकटलेल्या असतात, एआयला ते माहीत नसतं, म्हणून पाठीमागे चीर. गिम्पमध्ये ऑफसेट घेऊन फोटो अर्ध्या रुंदीने सरकवा, चीर मधोमध येईल, तेवढाच पट्टा दुरुस्त करा आणि परत सरकवा. फोटो फिरतच नसेल तर त्यातला मेटाडेटा (फाईलमधली लपलेली माहिती) एआयने गाळलाय, एक्झिफटूल नावाच्या सॉफ्टवेअरने मूळ फाईलमधून कॉपी करता येतो, फक्त साइझ बदलली असेल तर आतले रुंदी-उंचीचे आकडेही नवीन टाकायचे नाहीतर अर्धा गोलच दिसतो.

१०. कागदावरचा पॅनोरमा

रोलवर तीन-चार फोटो काढून कडेला कड चिकटवलेले असतील तर स्कॅन करताना एकेक फोटो वेगळा करा, ६०० डीपीआय, स्कॅनरचं ऑटो करेक्शन बंद, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाचा येतो आणि पुन्हा चौथा चेक. लांब प्रिंट असेल तर सरकवून दोन-तीनदा स्कॅन करा, सामायिक भाग ठेवून, आणि ह्युगिनमध्ये जोडा. नव्वदच्या दशकातल्या कॅमेऱ्यांवर पॅनोरमाचं बटण असायचं ना, ते खरं तर फिल्मचा वरचा-खालचा भाग झाकायचं, २४ मिमी उंचीतले साधारण १३ मिमीच वापरायचं. तेवढंच मोठं करून प्रिंट काढल्यामुळे दाणे दिसतात. अशा फोटोची निगेटिव्ह असेल तर प्रिंट सोडा, निगेटिव्ह स्कॅन करून घ्या.

आता कुठे थांबायचं

गुंडाळी झालेला, कडक पडलेला फोटो हाताने सरळ करू नका, इस्त्री तर नाहीच. वरचा थर तडकतो आणि तडकलेलं पुन्हा जुळत नाही. पिवळा पडलेला सेलोटेप फोटोच्या तोंडावर असेल, फोटो काचेला चिकटला असेल, बुरशी असेल, तर स्कॅनरपर्यंतही जाऊ नका. हे काम कागद-फोटोचं संवर्धन करणाऱ्यांचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, निदान चौकशी तिथून सुरू करता येते. तोवर मोबाइलने खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आहे त्या अवस्थेत एक फोटो काढून ठेवा.

जमिनीच्या हद्दीचा वाद, कोर्ट, वाड्याच्या दुरुस्तीची परवानगी अशा कशासाठी फोटो लागणार असेल तर एआय अजिबात नको, दोनपट अपस्केलसुद्धा नको. मूळ फाईल जशीच्या तशी वकिलाला द्या आणि काय करायचं ते त्यालाच विचारा.

आणि गेलेल्या माणसाचा चेहरा ग्रुपच्या पॅनोरमातून काढून भिंतीवर लावायला मोठा करायचा असेल, तर हाताने रिटच करणारा माणूस गाठा. पैसे जास्त जातील. जाताना त्याच माणसाचे त्याच काळातले दुसरे दोन-तीन फोटो बरोबर न्या, आणि आधी एकच चेहरा करून दाखवा म्हणा. तो घरी चार जणांना दाखवा, पुढचं काम मगच द्या. दुकानात बसल्या बसल्या पाच मिनिटांत करून देतो म्हणाला तर पेनड्राइव्ह घेऊन परत या, तेवढं तर तुम्ही घरीही करून बघितलेलं आहे.